दह्यातल्या जिवाणूचं विष

१९५५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कोंबडीचं मांस टिकवण्याच्या एका नव्या पद्धतीला परवानगी दिली. सोललेल्या कोंबड्या थंड करायच्या पाण्यात क्लोरटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिसळायचं, म्हणजे मांस नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतं. या प्रकाराला 'ॲक्रोनायझिंग' असं झोकदार नाव होतं आणि त्याच्या जाहिराती अभिमानानं केल्या जात. प्रक्रिया केलेली कोंबडी म्हणजे ताजेपणाची हमी, असा सूर होता. मासळीसाठीही हीच युक्ती आली. शिजवताना औषध मोडून जातं, तेव्हा खाणाऱ्यानं काळजी करू नये, असं सांगितलं जाई. पण औषध मोडेपर्यंत ते पाण्यात, मांसावर आणि कामगारांच्या हातांवर असतंच. औषधाला दाद न देणारे जिवाणू तिथंच निवडले जाऊ लागले, कोंबड्या कापणाऱ्यांच्या हातांवर गळवं येऊ लागली आणि १९६६ मध्ये ती परवानगी काढून घेण्यात आली.

क्लोरटेट्रासायक्लिन हेही निसर्गाचंच देणं होतं, हे इथं मुद्दाम नमूद करायला हवं. मातीतला एक सूक्ष्मजीव ते तयार करतो. आज आपल्याला दही, चीझ, सॉसेज आणि आंबवलेल्या भाज्यांमधल्या जिवाणूंनी बनवलेली सूक्ष्मजीवरोधी द्रव्यं, म्हणजे बॅक्टेरिओसिनं, अन्न टिकवण्यासाठी सुचवली जात आहेत. ती सुचवताना 'नैसर्गिक' हा शब्द इतक्या ठळकपणे छापला जातो की पुढचे प्रश्न विचारायचे राहूनच जातात. या द्रव्यांना माझा विरोध नाही. त्यांतल्या एकाची कामगिरी तर साठ-सत्तर वर्षांची आणि चोख आहे. माझं भांडण त्यांच्या बाजूनं केल्या जाणाऱ्या युक्तिवादाशी आहे. बरोबर निर्णय चुकीच्या कारणासाठी घेतला, तर पुढचा निर्णय चुकतो.

ती चोख कामगिरी निसिनची. ते तयार करणारा लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू आपल्या विरजणात, ताकात, लोण्यात नेहमी भेटणारा. शस्त्रक्रियेत जंतुनाशकं आणणाऱ्या जोसेफ लिस्टरनं १८७० च्या दशकात आंबलेल्या दुधातून तो वेगळा काढला होता. ज्या माणसानं जंतूंविरुद्ध युद्ध पुकारलं, त्यानंच हा जंतू शुद्ध स्वरूपात मिळवावा, हा इतिहासाचा एक गमतीदार योग. या जिवाणूच्या काही वाणांच्या, सगळ्यांच्या नव्हे, सहवासात दुसरे दुग्धजिवाणू वाढत नाहीत, हे १९२८ मध्ये अमेरिकेत रॉजर्स आणि व्हिटियर यांनी नोंदवलं. १९३३ मध्ये न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेडला तेच दिसलं, पण त्याच्यासाठी ती डोकेदुखी होती. तिथल्या चीझ कारखान्यांत घातलेलं विरजण मधूनच दगा द्यायचं, दूध वेळेवर आंबायचं नाही. दुधातच असलेला कुठला तरी वाण काहीतरी सोडत होता आणि त्यानं मुद्दाम घातलेलं विरजण मरत होतं. निसिनचा विज्ञानात प्रवेश झाला तो असा, कारखान्यातला एक बिघाड म्हणून.

१९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेत मॅटिक आणि हर्श यांनी हे द्रव्य वेगळं काढलं, त्याला निसिन हे नाव दिलं. पेनिसिलिनचा जमाना होता, जो तो नवं औषध शोधत होता. गाईंच्या कासदाहावर निसिन चालतं का, याचे प्रयोग झाले. जमलं नाही. रक्ताच्या सामू-पातळीला ते नीट विरघळत नाही आणि टिकतही नाही. औषध म्हणून नापास झालेलं हे द्रव्य मग हर्शनं चीझकडे वळवलं. चीझ पिकत असताना क्लॉस्ट्रिडियम वंशाचे बीजाणू जागे झाले तर आत वायू धरतो, चीझ फुगतं, तडकतं आणि त्याला खवट-कुजका वास येतो. निसिन तयार करणारं विरजण वापरलं की हे थांबतं, असं १९५१ मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी प्रक्रिया केलेल्या चीझमध्ये निसिन वापरून बघण्यात आलं आणि तिथं त्याला हक्काचं घर मिळालं. असं चीझ वितळवताना जिवंत जिवाणू मरतात, पण बीजाणू तग धरतात. पुढं पाकिटात हवा नाही, ओल भरपूर, आंबटपणा बेताचा. बीजाणूंना आणखी काय हवं? अशा जागी किलोमागं काही मिलिग्रॅम निसिन पुरतं.

औषध म्हणून ते नापास झालं ही मोठीच भाग्याची गोष्ट ठरली. ते पास झालं असतं तर अन्नात घालायला त्याला कोणीच परवानगी दिली नसती, आणि देऊही नये. आजाऱ्याला वाचवणारं औषध चीझच्या पाकिटात घालून त्याची धार बोथट करायची नाही, हे शहाणपण कोंबड्यांच्या प्रकरणातून मिळालेलं आहे. खाद्य आणि कृषी संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीनं १९६० च्या दशकाच्या शेवटी निसिनला मान्यता दिली, अमेरिकेनं १९८८ मध्ये दिली, भारतातही ते वापरता येतं. आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक २३४.

आता ते मारतं कसं, हे बघू. जिवाणूच्या पेशीभिंतीचं बांधकाम कायम चालू असतं आणि लिपिड टू नावाचा रेणू विटा वाहणाऱ्या मजुरासारखा भिंतीचं सामान आतून बाहेर नेत असतो. निसिन या मजुराचाच हात धरतं. बांधकाम ठप्प होतं, शिवाय त्याच जागी पेशीच्या पटलाला भोकं पडतात आणि आतलं सत्त्व बाहेर गळतं. दोन बाजूंनी एकदम घाव घातल्यामुळे जिवाणूला निसटणं अवघड जातं. हे वाचून बरं वाटतं. पण व्हॅन्कोमायसिन हे रुग्णालयात गंभीर संसर्गावर वापरलं जाणारं प्रतिजैविकही याच लिपिड टूला धरतं, फक्त दुसऱ्या टोकाला. म्हणजे 'प्रतिजैविक वेगळं आणि बॅक्टेरिओसिन वेगळं' ही रेघ निसर्गानं मारलेली नाही. ती आपण आपल्या सोयीसाठी आणि सुरक्षिततेसाठी आखली आहे. निसिनला दाद न देणारे जिवाणू प्रयोगशाळेत मिळतात, काहींकडे त्याला तोडणारी प्रथिनं असतात. इतक्या वर्षांच्या वापरात त्यातून मोठं संकट उभं राहिलेलं नाही, हेही तितकंच खरं. याचं श्रेय त्याच्या मर्यादित, मोजक्या, ठरावीक पदार्थांतल्या वापराला द्यायला हवं. ते नैसर्गिक असल्याचा इथं काहीही संबंध नाही.

नैसर्गिकतेच्या भक्तांनी अलास्काकडे एकदा बघावं. तिथले मूळ रहिवासी माशांची डोकी, व्हेल आणि सीलचं मांस पिढ्यान् पिढ्या आंबवून खात आले. जमिनीत खड्डा खणायचा, गवत अंथरायचं, वर झाकण. विसाव्या शतकात प्लास्टिकचे डबे, बादल्या आणि पिशव्या आल्या. काम सोपं झालं, पण डब्यात हवा खेळेना, ऊबही जास्त राहू लागली आणि बॉट्युलिझम या विषबाधेचे रुग्ण वाढले. बॉट्युलिनम विषासारखं जहाल आणि अस्सल नैसर्गिक विष दुसरं सापडणं कठीण. इंडोनेशियात खोबऱ्याच्या चोथ्यापासून केल्या जाणाऱ्या टेंपेमध्ये भलताच जिवाणू शिरला की बाँगक्रेकिक आम्ल तयार होतं आणि माणसं मरतात. असे मृत्यू इतके झाले की त्या पदार्थावर बंदी घालावी लागली. परंपरा म्हणजे वाट्टेल तशी आंबवलेली वस्तू नव्हे. भांडं, मीठ, ऊब, वेळ, आधीचं विरजण या सगळ्यांचा तो मेळ असतो. त्यातलं एक बदललं तरी निकाल बदलतो, आणि का बदलला हे सांगायला परंपरा येत नाही. ते सूक्ष्मजीवशास्त्रालाच सांगावं लागतं.

आपल्याकडच्या कुरडया घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. अनारशाच्या तांदळालाही हीच शिस्त. आंबोळीचं पीठ रात्रभर, गोव्याच्या सान्नांना सुरेची (माडीची) जोड. या प्रत्येक ठिकाणी आंबवणारे जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात आणि पिठाचा आंबटपणा वाढवत नेतात. कुजवणारे बहुतेक जिवाणू त्या आंबटपणातच गारद होतात. सामू ४.६ च्या खाली गेला की बॉट्युलिनमचे बीजाणू वाढू शकत नाहीत, आणि इडलीचं पीठ नीट आलं की ते या रेषेच्या आसपास किंवा खाली असतं. घरगुती आंबवण्यात संरक्षणाचा मुख्य भार हे आम्ल उचलतं. निसिन किंवा त्याचे भाऊबंद असलेच तर मदतनीस म्हणून. 'आपल्या पूर्वजांना बॅक्टेरिओसिन ठाऊक होतं' अशी जी वाक्यं हल्ली फिरतात, ती लिहिणाऱ्यांना पूर्वजही नीट ठाऊक नसावेत. पूर्वजांना आंबट किती झालं की थांबायचं हे ठाऊक होतं. ते ज्ञान कमी मोलाचं नाही, पण ते वेगळं आहे.

या बाबतीत आपला जुना कायदा आपल्यापेक्षा शहाणा होता. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांनी परिरक्षकांचे, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हचे, दोन वर्ग केले आणि हीच विभागणी पुढं २०११ च्या नियमावलीत आली. पहिल्या वर्गात मीठ, साखर, मसाले, व्हिनेगर, मध, खाद्यतेलं. दुसऱ्या वर्गात बेंझोइक आम्ल, सल्फाइटं, नायट्राइटं, सॉर्बिक आम्ल, प्रोपिओनेटं, आणि त्यांच्याच रांगेत निसिन. दह्यातल्या जिवाणूनं केलं म्हणून त्याला मिठा-मधाच्या पंगतीत बसवलेलं नाही. कामाप्रमाणे जागा, आणि दुसऱ्या वर्गाला पदार्थागणिक मर्यादा.

या वर्गवारीत मला एकच खटकतं. पहिल्या वर्गावर साधारणपणे मर्यादा नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड, खारवलेली कैरी यांतून किती जातं याचा हिशेब आपण ठेवत नाही, कारण ते आजीच्या हातचं. जास्त मिठानं रक्तदाब वाढतो, याचे पुरावे ढिगानं आहेत. निसिनविरुद्ध त्याच्या जवळपास जाणारंही काही नाही. संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०१३ मध्ये वजनाच्या किलोमागं रोज दोन मिलिग्रॅमपर्यंत, आणि युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१७ मध्ये एक मिलिग्रॅमपर्यंत निसिन सुरक्षित मानलं. यांतला कडक आकडा धरू. साठ किलोच्या माणसाला रोज साठ मिलिग्रॅम. चीझमध्ये मर्यादा किलोला साडेबारा मिलिग्रॅम. म्हणजे ती रेषा ओलांडायला रोज जवळपास पाच किलो चीझ खावं लागेल. तसं कोणी केलंच तर निसिनच्या आधी दुसऱ्याच गोष्टी त्याला गाठतील.

निसिन एक प्रथिन आहे, छोट्या आतड्यातले पाचकरस त्याला तोडतात, हाही त्याच्या बाजूचा नेहमीचा आणि बऱ्याच अंशी खरा मुद्दा. मात्र शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं, की निसिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं प्रयोगशाळेत आतड्यातल्या उपकारक जिवाणूंवरही मारा करतात. काचेच्या थाळीत जे दिसतं ते पोटात तसंच घडेल असं नाही, आणि त्यावरून चीझ फेकून द्यायचं कारण नाही. पण हीच द्रव्यं उद्या दहा पदार्थांत आणि दहा नावांनी येऊ लागली तर एकूण किती पोटात जातं, हा प्रश्न विचारावाच लागेल. तो विचारायचा तर ती कशात आहेत हे आधी कळायला हवं.

त्याआधी या द्रव्यांच्या हातून काय होत नाही ते पाहू. जुलै २०१८ मध्ये गोव्यात बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या बातमीनं हलकल्लोळ झाला. शव टिकवायचं रसायन हुमणात. सरकारला काही काळ मासळीची आयात थांबवावी लागली. अशा वेळी कोणी तरी हमखास म्हणतं की फॉर्मेलिनऐवजी नैसर्गिक जिवाणूद्रव्यं वापरा. ऐकायला गोड आहे. पण मासळी बिघडवणारे मुख्य जिवाणू स्यूडोमोनस, शेवानेला या ग्रॅम निगेटिव्ह गटातले. त्यांच्या पेशीला बाहेरून आणखी एक पटल असतं, निसिन त्यातून आत पोचत नाही. लिपिड टूपर्यंत हातच जात नाही तर भोकं कुठून पाडणार? साल्मोनेला आणि ई. कोलाय हेही याच गटातले, आणि आपल्याकडच्या पोटदुखीचा मोठा वाटा त्यांचा. बुरशी आणि यीस्ट यांना तर निसिन जाणवतही नाही. ब्रेडवरची हिरवी बुरशी, लोणच्यावर आलेला पांढरा थर, शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन, या सगळ्यांशी त्याचा संबंध नाही. मासळीला हवा असतो बर्फ, भरपूर, स्वच्छ पाण्याचा, होडीपासून बाजारापर्यंत. बर्फावर कोणी शोधनिबंध लिहीत नाही आणि त्याचं पेटंट मिळत नाही, म्हणून त्याचं महत्त्व कमी होत नाही.

प्रयोगशाळेतून बाजारात येतानाही गळती असते. थाळीवर जिवाणूंचा थर लावायचा, मध्ये नव्या वाणाच्या रसाचा थेंब ठेवायचा, भोवती स्वच्छ वर्तुळ उमटलं की शोधनिबंध तयार. ताक, इडलीचं पीठ, मुळ्याचं लोणचं, ईशान्येतल्या आंबवलेल्या भाज्या, प्रत्येकातून असा वाण मिळाल्याचे निबंध आपल्याकडे भरपूर आहेत. पण अन्न म्हणजे थाळी नव्हे. निसिन स्निग्धांशाला चिकटून बसतं, कच्च्या मांसातलं ग्लुटाथायॉन त्याला निकामी करतं, आंबटपणा कमी असला की त्याची विद्राव्यता घटते. स्वच्छ वर्तुळ दाखवणारं द्रव्य खिम्यात घातलं की गप्प बसतं. अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला वर्तुळावर पदवी मिळते, आणि खिम्यावर काम करायला लागणारा पैसा व वेळ कोणी देत नाही.

मग ही द्रव्यं कुठं कामाची? जिथं शत्रू ओळखीचा आहे, ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणजे ते बाहेरचं पटल नसलेला आहे, आणि बाकीचे उपाय त्याच्यापुढं तोकडे पडतात तिथं. लिस्टेरियाचं उदाहरण पुरेसं आहे. हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, म्हणजे आपण ज्याला संरक्षण समजतो तेच त्याचं पाळणाघर. शिजवून, कापून, पाकिटात घातलेलं मांस लोक पुन्हा न शिजवता खातात. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी या स्वस्त, लोकप्रिय मांसपदार्थातून लिस्टेरिया पसरला. हजाराहून अधिक रुग्ण, दोनशेहून अधिक मृत्यू, आणि त्यांत नवजात बाळं बरीच. आंबवलेल्या सॉसेजमध्ये भेटणारा पेडिओकॉकस हा जिवाणू पेडिओसिन नावाचं द्रव्य करतो आणि त्याचा लिस्टेरियावरचा मारा निसिनपेक्षाही नेमका आहे. अशा पदार्थात ते वापरायला मी दोन्ही हातांनी परवानगी देईन. कारखान्याच्या फरशा, सुऱ्या आणि नाल्या धुऊन झाल्यावर. धुण्याऐवजी नव्हे.

आपल्याकडे असाच विचार पनीरबाबत करता येतो. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकलं तर नशीब, बाहेर एखादा दिवस. आंबटपणा बेताचा, पाणी भरपूर, आणि पुरवठासाखळीत वीज जाण्याची शक्यता पावलोपावली. बीजाणू करणारे जिवाणू अशा वेळी संधी साधतात. जर्मनीतल्या कुल्मबाखच्या लोथर लाइस्टनर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली अडथळ्यांची कल्पना इथं उपयोगी पडते. एकच भक्कम उपाय करायचा आणि पदार्थाची चव मारायची, त्यापेक्षा थोडा आंबटपणा, थोडी थंडी, थोडी कमी ओल, किंचित निसिन असे बेताचे अडथळे एकापुढं एक उभे करायचे. जिवाणू पहिला ओलांडतो, दुसऱ्यावर दमतो, तिसऱ्यावर मरतो. निसिनची योग्य जागा ही, रांगेतल्या अनेकांपैकी एक. त्याच्यामुळं पदार्थ जरा कमी तापवता येतो, मीठ जरा कमी घालता येतं. हा खरा फायदा आहे आणि तो सांगायला 'नैसर्गिक' शब्दाची गरज नाही.

पण शब्द विकला जातो, म्हणून तो लावला जातो. अमेरिकेतल्या सॉसेजच्या पाकिटांवर बरीच वर्षं 'नायट्राइट घातलेलं नाही' असं छापलं जातं. बारीक अक्षरांत पुढं असतं, सेलरीच्या भुकटीत नैसर्गिकरीत्या असलेलं वगळून. सेलरीत नायट्रेट भरपूर. त्याच्यासोबत एक निरुपद्रवी जिवाणू सोडला की तो नायट्रेटचं नायट्राइट करतो. मांसात शेवटी तेच रसायन आणि तेच काम. अमेरिकेतल्याच 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकानं २०१९ मध्ये दोन्ही प्रकारचं मांस तपासलं, तेव्हा नायट्राइटची पातळी सारखीच निघाली. युरोपीय संघाच्या समितीनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की टिकवण्यासाठी घातलेला असा अर्क म्हणजे मिश्रक द्रव्यच, मग तो कशापासूनही केलेला असो. मला हा निर्णय अगदी सरळ आणि अगदी बरोबर वाटतो.

आंबवलेल्या द्रव्यांची भुकटी या पळवाटेत सहज बसते. दुधात किंवा साखरेच्या पाकात जिवाणू वाढवायचा, सगळा घाणा तापवून वाळवायचा, आणि घटकांच्या यादीत लिहायचं 'कल्चर्ड डेक्स्ट्रोज' किंवा 'कल्चर्ड मिल्क'. त्यात आम्लं असतात, कधी बॅक्टेरिओसिन असतं. ते पदार्थ टिकवण्यासाठीच घातलेलं असतं, चवीसाठी नव्हे. तरी पाकिटाच्या दर्शनी बाजूला 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असं लिहिता येतं. शुद्ध, मोजून घातलेल्या निसिनला क्रमांक छापावा लागतो आणि ग्राहक तो बघून नाक मुरडतो. किती आहे ते ठाऊक नसलेली भुकटी मात्र सात्त्विक चेहऱ्यानं आत शिरते. प्रामाणिकपणाला दंड आणि लपवाछपवीला बक्षीस, असा हा बाजार. बाजारातली निसिनची भुकटीही काही निव्वळ निसिन नसते. जुन्या, प्रमाणित उत्पादनात निसिन सुमारे अडीच टक्के, बाकी बहुतांश मीठ आणि दुधाचे घनघटक. पण तिची ताकद एककांत मोजलेली असते आणि ती पिशवीवर लिहिलेली असते. फरक तेवढाच, आणि तो मोठा आहे.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. इडलीचं पीठ फुगवणारा वायू यीस्टपासून नव्हे तर ल्यूकोनॉस्टॉक या जिवाणूपासून येतो, हे १९६५ मध्ये सिद्ध झालं ते न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनीव्हा इथल्या संशोधन केंद्रात. पदार्थ दक्षिण भारताचा, प्रयोगशाळा अमेरिकेची. त्यात चोरी काही नव्हती, ज्ञान सगळ्यांसाठी प्रसिद्ध झालं. पण आज एखाद्या गावच्या विरजणातला वाण म्हणजे पेटंटचा कच्चा माल आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात जैविक संसाधनांमध्ये सूक्ष्मजीव धरलेले आहेत, चेन्नईतलं राष्ट्रीय प्राधिकरण त्यावर देखरेख करतं. पुण्यात तर या बाबतीत चांगली जमवाजमव आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह जुना, आणि पुण्याच्याच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात पेटंटसाठी वाण ठेवण्याची आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली सोय. सिक्कीममध्ये ज्योती प्रकाश तामांग यांनी हिमालयातल्या गुंद्रुक, सिंकी, किनेमा अशा पदार्थांच्या सूक्ष्मजीवांचा जो चिकाटीनं अभ्यास केला, तसा आपल्या आंबिलीचा, कुरडईच्या चिकाचा, कोकणातल्या खारातल्या फणसाचा व्हायला हवा. गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांत झाडं, मासे, पिकांची वाणं लिहिली जातात. घराघरांतलं विरजण त्यात कोणी लिहीत नाही. बाजारातल्या एकसारख्या विरजणानं घरचं विरजण हळूहळू हटत चाललं आहे, तेव्हा ही नोंद लवकर व्हायला हवी. एखाद्या आजीच्या मडक्यात उद्याचं निसिन असेलच असं नाही, बहुधा नसेल. पण मडकं घासून ठेवल्यावर ते शोधता येणार नाही.

कायद्याकडून मागणी एकच आहे आणि ती करायला नवं संशोधन लागत नाही. पदार्थ टिकावा म्हणून जे जे घातलं जातं, ते वनस्पतीचं असो, जिवाणूचं असो वा कारखान्यातलं, त्याला घटकांच्या यादीत परिरक्षक म्हणूनच लिहावं. ते असताना दर्शनी बाजूला 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असं छापायला भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मनाई करावी. तोवर वाचकांनी स्वतः एवढं करावं. खालच्या शेल्फवरचं जे पाकीट महिनोन्महिने टिकतं आणि तरी आपल्यात काहीच घातलेलं नाही म्हणतं, ते उलटून घटकांची यादी वाचावी, 'कल्चर्ड' शब्द दिसला तर त्यावर छापलेल्या ग्राहकसेवा क्रमांकाला फोन करून तो कशासाठी घातला आहे ते विचारावं, आणि क्रमांक २३४ दिसला तर बिनधास्त घरी न्यावं.